कच्चा नमुना

पुष्कर कोष्टी सांगलीतल्या एका जुन्या दुकानात गादीवर बसून एकोणीस वर्षं साड्या उलगडत होता. घरच्या आरशासमोर उभं राहून हव्या त्या साडीत स्वतःला बघायची सोय होऊन आता बराच काळ लोटला होता. पण लग्नाचा बस्ता म्हटला की बायका अजून दुकानातच यायच्या, कारण आरशातल्या साडीला हात लावता येत नाही. त्या चाळीस साड्या काढायला लावायच्या, चहा प्यायच्या, आणखी दहा काढायला लावायच्या. पुष्कर एका शब्दाने कुरकुरायचा नाही. एकोणीस वर्षांत तो एवढं शिकला होता की, तोंड भरून जिचं कौतुक होतं ती साडी सहसा घरी जात नाही. "काय गोड रंग आहे हो!" असं ऐकलं की तो ती साडी निमूट घडी घालून ठेवायचा. आणि "ही काही एवढी खास नाही" म्हणत बाजूला सारलेल्या साडीच्या पदराकडे गिऱ्हाइकाचा हात तिसऱ्यांदा वळला, की ती हळूच वर काढून ठेवायचा.

हे शहाणपण घरात, आपल्या नऊ वर्षांच्या मुलीसाठी उन्हाळी शिबिर निवडताना वापरावं, हे मात्र त्याला सुचलं नव्हतं. ते खातं केतकीकडे होतं.

त्याची बायको केतकी पाटबंधारे विभागात निविदा तपासायची. धरणाची दुरुस्ती असो की वाटाण्याच्या शेंगा, ती तुलनात्मक तक्ता केल्याशिवाय हात घालत नसे. फ्रीजच्या दारावरच्या पडद्यावर मार्च महिन्यापासून अकरा शिबिरांचा तक्ता झळकत होता. घोडेस्वारी, होड्या वल्हवणं, यंत्रमानव जुळवणं, आकाशदर्शन, आणि पुढे अंतर, डॉक्टर, जेवण, संडास, मागील तक्रारी. दूध काढायला गेलं तरी आधी संडासांची माहिती वाचावी लागायची.

पण केतकीला हसण्यात अर्थ नव्हता. मागच्या वर्षी यमूला सात दिवसांच्या शिबिराला पाठवलं होतं आणि दुसऱ्याच संध्याकाळी फोन आला होता. यमूचं पूर्ण नाव यमुना. तिच्या जन्माच्या सुमारास जुन्या नावांची लाट आली होती. तिच्या वर्गात दोन गोदावऱ्या, एक सगुणा आणि तीन सखाराम होते. पुष्कर गाडी काढून गेला तेव्हा यमू फाटकापाशी आपल्या बॅगेवर बसली होती. परत येताना ती खिडकीकडे तोंड करून बसली. सांगलीचे दिवे दिसायला लागल्यावर एवढंच म्हणाली, "बाबा, बाकीच्या सगळ्या राहिल्या ना?"

तेव्हापासून ती मैत्रिणींकडे राहायला जाईनाशी झाली. शाळेच्या सहलीचा अर्ज तिने दप्तरातून बाहेरच काढला नाही. अनोळखी माणसाशी बोलायची वेळ आली की ती आईच्या मागे सरकायची. यंदाही ती परत आली असती तर आपण असल्याच, हे तिने जन्मभरासाठी ठरवून टाकलं असतं. ती भीती दोघांनाही होती, फक्त केतकी तिचा तक्ता करायची आणि पुष्कर गप्प बसायचा.

यंदा मदतीला 'चुणूक' होती.

आपल्या मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा करंगळीएवढा भाग असतो. दिवसभरात जे घडलं ते तो झोपेत पुन्हा एकदा, पण मूळ वेगाच्या कितीतरी पट भराभर, वाजवून बघतो. त्यातून आठवण पक्की होते. चुणूकवाल्यांनी हा वेगच पकडला होता. शिबिरातल्या मुलाच्या कानामागे ते एक टिकली लावायचे. टिकली चित्रं टिपत नसे. छाती कधी धडधडली, हसू कधी फुटलं, कुठल्या वासाला पोटात गोळा आला, एवढीच चढउतारांची रांग ती नोंदवायची. तीच रांग पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलाच्या हलक्या झोपेत त्याच वासांसकट आणि आवाजांसकट सोडली, की बाकीचं चित्र त्या मुलाचा मेंदू आपलं आपण रंगवतो. वीस मिनिटांच्या झोपेत तीन दिवस शिबिरात राहून आल्याचा अनुभव. बारा वर्षांपुढच्या मेंदूला मात्र हे जमत नाही, मोठ्यांचं नुसतं डोकं दुखतं. त्यामुळे मूल जागं झाल्यावर जी दोन वाक्यं बोलेल त्यांच्यावरच आईबापांनी निर्णय घ्यायचा. मुलाला चुणूक मानवली नाही, तर रात्रीच्या झोपेआधी ती पुसताही यायची. एकदा रात्रीची झोप झाली, की आठवण मुरली.

कल्पना झकास होती. तिचा परिणाम काय झाला, ते पुष्करच्या इमारतीत कुठल्याही संध्याकाळी खाली उतरलं की दिसायचं. वरच्या मजल्यावरचा सखाराम चौदा शिबिरांच्या गप्पा मारायचा आणि प्रत्यक्षात एकालाही गेलेला नव्हता. चुणूक फुकट होती, प्रत्येक शिबिराची एक. मग कोण सोडतो? पोरं पोट भरेपर्यंत चाखायची आणि वर म्हणायची, "आता कशाला जायचं? जाऊन आलोय की." शिबिरं ओस पडायला लागली, तशी शिबिरवाल्यांनी चुणूक आणखी गोड केली. सदा हसणारी, कशालाच न घाबरणारी पोरं हुडकून त्यांनाच टिकल्या लावायच्या. अशा पोरांना धंद्यात 'चमकी पोरं' म्हणायचे आणि त्यांना शिबिराला फुकट बोलवायचे. त्यातूनही एखादा रडका क्षण निघाला तर तो कापून टाकायचे.

यमूने सात चुणुका घेतल्या. सातही वेळा ती डोळे चोळत उठली आणि म्हणाली, "मस्त होतं."

"कोणतं सगळ्यांत मस्त?" केतकीने विचारलं.

"सगळीच."

"जाशील त्यातल्या एखाद्याला?"

यमूने खांदे उडवले. प्रत्येक चुणुकीनंतर ती आणखी थोडी गप्प होत चालली आहे, असं पुष्करला वाटत होतं. केतकीने सातही रकान्यांत 'समाधानकारक' असं लिहिलं.

आठवी चुणूक शनिवारी दुपारी होती. वारणेच्या खोऱ्यात करंजदरा नावाचं गाव आहे. तिथे भूगोलाचे एक निवृत्त शिक्षक, मोहिते सर, आणि त्यांच्या पत्नी आक्का मिळून ओढ्याकाठी शिबिर चालवायचे. ओढ्याचं पाणी मोजायचं, गावाचा नकाशा पायी फिरून काढायचा, आपली भाकरी आपण थापायची. संडासाच्या रकान्यात 'चार, स्वच्छ, जरा लांब' असं होतं. अंतर कमी म्हणूनच केवळ केतकीने ते तक्त्यात राहू दिलं होतं.

चुणूक केंद्रातल्या खुर्चीवर यमू झोपली. पाच मिनिटांनी तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. बाराव्या मिनिटाला ती झोपेतच हुंदके द्यायला लागली.

"थांबवा!" केतकी ओरडली.

केंद्रात काम करणाऱ्या रसिका नावाच्या मुलीने घाईघाईने यमूच्या डोक्यावरची चुणुकीची टोपी काढली. "सॉरी मॅडम, सॉरी. अहो, हा कच्चा नमुना आहे. कापाकापीच केलेली नाही यात. असा आम्हाला कुणीच पाठवत नाही. आठ वाजेपर्यंत आणा तिला परत, पुसून देते."

"आत्ताच पुसा."

"नाही हो मॅडम, मध्ये तीन तास जावे लागतात."

घरी जाताना पुष्करच्या स्कूटरवर यमू मागे बसली होती. केतकी तिच्या गाडीवरून पुढे गेली. सिग्नलला पाठीमागून आवाज आला, "बाबा, भाकरी थापताना हाताला चिकटली तर काय करायचं?"

"पाणी लावायचं."

पुढच्या सिग्नलला, "बाबा, बेडूक चावतो?"

"नाही गं."

"तिला वाटतं चावतो." थोडं थांबून, "हौदाच्या मागे असतो तो."

घराखाली स्कूटर लावेपर्यंत तिने आणखी तीन प्रश्न विचारले होते. तेव्हा कुठे पुष्करच्या डोक्यात प्रकाश पडला. सात शिबिरांविषयी पोरीने एक प्रश्न विचारला नव्हता. सातही साड्यांना गोड म्हणून तिने त्या बाजूला सारल्या होत्या. आणि जिच्यावरून रडत उठली, तिच्या पदराकडे आता पाचव्यांदा हात वळत होता. स्वतःच्याच कपाळावर हात मारून घ्यावा असं त्याला वाटलं.

वर गेल्यावर त्याने केतकीला हे सांगितलं. ती चहा गाळत होती.

"रडवणारं शिबिर घ्यायचं म्हणतोस? कुठल्या रकान्यात लिहू ते?"

"ती विचारतेय गं. त्याच्याविषयीच विचारतेय."

"अरे, मुलं भुताच्या गोष्टीविषयीही विचारतात. म्हणून भुताकडे पाठवायचं?" केतकीने गाळणी आपटली. "मागच्या वर्षी तू तिला आणायला गेलास. घरी आल्यावर बाथरूममध्ये नळ सोडून ती अर्धा तास रडत होती, ते दाराबाहेर उभं राहून मी ऐकलंय. पुन्हा नको. साडेसातला निघायचं."

नळाची गोष्ट त्याला माहीतच नव्हती. तो यमूशेजारी जाऊन बसला.

"यमू, काय होतं गं त्या शिबिरात?"

"ती मुलगी रडते, बाबा. अंधार पडायला लागला की हौदाच्या मागे जाते, रडते, तोंड धुते आणि परत येते. कुणाला कळत नाही."

"कशी दिसते ती?"

"काय माहीत? मी तिच्या आतच होते ना. मुलगा पण असेल. पण मला ती मुलगीच वाटते."

"मग पुसून टाकायचं ते?"

यमूने जोरात मान हलवली. "नको. मग तिचं कुणालाच माहीत नसेल."

पुष्करने फ्रीजच्या तक्त्यावरून नंबर घेतला आणि करंजदऱ्याला फोन लावला. केतकी दारात येऊन उभी राहिली. त्याने आवाज मोठा केला.

"सर, मी सांगलीहून पुष्कर कोष्टी. माझ्या मुलीने आज तुमच्या शिबिराची चुणूक घेतली."

"घेतली? वा, वा!" पलीकडचा आवाज एकदम फुलला. "आजवर कुणी घेतलीच नव्हती ओ. आवडली का?"

"रडली सर."

"रडली? आणि ते का?"

पुष्करने सांगितलं. मोहिते सरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्याचं काय झालं, तो कंपनीचा माणूस म्हणत होता की एक हसरं पोर निवडा. मी म्हटलं, नमुना म्हणजे नमुना. पोत्यातलं धान्य दाखवायचं तर वरचं निवडून दाखवायचं व्हय? सतराच्या सतरा पोरांना टिकल्या लावल्या, आणि शेवटच्या दिवशी टिकल्या बिननावाच्या पाकिटांत घालून त्यांच्याच चिठ्ठ्या टाकल्या. आक्कांनी डोळे मिटून एक उचलली, आणि ते पाकीट मी न उघडताच पाठवून दिलं. कुणाची निघाली ते मलाबी ठाऊक नाही. पण..." ते अडखळले. "आमच्याकडे कुणी रडलं नव्हतं ओ. छत्तीस वर्षं मास्तरकी केली मी. कळलं असतं की."

त्या वेळी यमूचा हात पुढे आला. पुष्करला आधी समजेना तिला काय हवंय. मग त्याने फोन तिच्या हातात दिला.

"सर," यमू म्हणाली, "तुम्हाला कळणार नाही. ती तोंड धुऊन येते."

"कोण गं बाळ?"

"ती. ओलं तोंड पुसत नाही, नुसतं वाळू देते. पुसलं की डोळे लाल होतात. आणि आल्याबरोबर काहीतरी काम करायला घेते, म्हणजे कुणी बोलत नाही. मी पण मागच्या वर्षी तसंच केलं होतं. दुसऱ्या शिबिरात. मला वाटलं, मी एकटीच." एक श्वास घेऊन ती पुढे म्हणाली, "घोड्यांच्या शिबिरात कुणी रडत नाही. होड्यांच्या पण नाही. यंत्रमानवांच्या पण नाही. मी सगळीकडे बघून आले. फक्त तुमच्याकडे रडतात."

सर हसले की खाकरले, ते कळलं नाही. "मग आता मी काय करू, सांग बरं."

"ओरडू नका तिला. आणि 'काय झालं' असं सगळ्यांसमोर विचारू नका. हौदाच्या मागे एक दिवा लावा. तिथे बेडूक आहे."

"लावतो. आजच लावतो."

"ती यंदा येणार आहे का?"

"ते कसं सांगू, पोरी? पण त्या सतरांतली तेरा येणारायत. त्यात हाय का नाही, ते तूच येऊन बघ."

यमूने फोन बाबाच्या हातात दिला आणि आईकडे बघितलं. केतकी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. नऊ वर्षांच्या तिच्या मुलीने कधी न बघितलेल्या माणसाशी एवढं बोलून दाखवलं होतं. मागच्या वर्षीचं जे ती आजवर आईला सांगू शकली नव्हती, ते या मास्तरांना सांगून मोकळी झाली होती. केतकीला वाईटही वाटलं आणि इतका आनंदही झाला की, तिने डोळे पुसायचा प्रयत्न केला नाही.

"सात शिबिरं बघून तू गप्प होत गेलीस, ते यासाठी होय?" तिने विचारलं. "तुला वाटत होतं, सगळी पोरं खुशीत आहेत आणि तूच तेवढी रडकी?"

यमूने होकारार्थी मान डोलावली.

आणि हे सगळं मीच केलं, असं केतकी मनात म्हणाली. फुकट मिळतंय म्हणून एका मागोमाग एक सात वेळा पोरीला झोपवून पटवून दिलं, की बघ, जगात कुणी रडत नाही. ती फ्रीजपाशी गेली आणि तिने सगळा तक्ता पुसून टाकला. मग रसिकाला फोन करून कळवलं, की आम्ही येत नाही.

"पण राहवलं नाही तर फोन करायचा," तिने यमूला बजावलं. "लगेच. बाबा येतील. त्यात काही कमीपणा नाही. कळलं?"

मे महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी दोघं तिला करंजदऱ्याला सोडून आली. मोहिते सर फोनवरच्या आवाजाहून बरेच बारीक निघाले. आक्कांनी यमूच्या हातात परात दिली आणि ती आत गेली. फाटकापाशी कुणी बॅगेवर बसलं नव्हतं, हे पुष्करने दोनदा वळून बघून घेतलं.

मंगळवारी तासगावकडच्या एका बस्त्याची मंडळी दुकानात आली होती. नवरीला जांभळी हवी होती, नवरीच्या आत्याला हिरवी हवी होती, आणि आई कुणाचीच बाजू घेत नव्हती. गादीवर साड्यांचा ढीग झाला होता. सात वाजून दहा मिनिटांनी पुष्करचा फोन वाजला. करंजदरा. दुसरा दिवस, संध्याकाळ. मागच्या वर्षीचीच वेळ. त्याने हातातली साडी तशीच टाकली, गाडीची किल्ली घेतली आणि उठतच फोन उचलला.

"बाबा, मी यमू."

"निघालोच बघ मी. दीड तासात पोचतो."

"कुठे?"

"अगं, तिथे. तुला आणायला."

"कशाला?"

पुष्कर किल्ली हातात धरून परत गादीवर बसला. "मग फोन कशाला केलास?"

"सांगायला. सर म्हणाले, एकच मिनिट. काल अंधार पडल्यावर मी हौदाच्या मागे गेले, तिला शोधायला. तर तिथे पाच जण होते, बाबा!"

"पाच?"

"पाच! सहावी मी. सगळे वेगवेगळीकडे तोंड करून उभे. एक तर सातवीतला मुलगा आहे, हा एवढा दांडगा. दिवा लावलाय ना सरांनी, म्हणून सगळे एकमेकांना दिसले. ते म्हणाले, आधी दिसतच नव्हतं कुणी."

"मग त्यातली तुझी ती कोण?"

"विचारलं मी. पाचही जण म्हणाले, मीच." यमूला बोलता बोलता हसू यायला लागलं होतं. "मग आम्ही ठरवलं, रोज दिवेलागणीला तिथे जमायचं आणि दहा मिनिटं रडायचं. सगळ्यांनी मिळून. म्हणजे उरकून जातं. आज जमलो, तर कुणाला रडूच येईना. तो दांडगा मुलगा म्हणाला, चला, एक दोन तीन, सुरू. मग तर सगळे हसतच सुटले. बेडूकसुद्धा पळाला. उद्या परत बघणार आहोत. ठेवते, सर हात करतायत."

फोन बंद झाला. तासगावची मंडळी पुष्करकडे बघत होती. आत्याबाईंनी काळजीने विचारलं, "काय ओ, घरी सगळं बरं हाय नव्हं?"

"बरं म्हणजे!" पुष्कर म्हणाला. त्याने जांभळी आणि हिरवी दोन्ही साड्या त्यांच्यापुढे सरकवल्या, दोन मिनिटं मागितली आणि दुकानाच्या पायरीवर येऊन केतकीला फोन लावला. तिने पहिल्या घंटेलाच उचलला.

"किती वाजता निघायचं?" तिने विचारलं. "मी बॅग भरूनच ठेवलीय."

"निघायचं नाहीये," तो म्हणाला आणि त्याने सगळं सांगितलं. पाच जणांचं, दिव्याचं, एक दोन तीनचं. सांगताना तो दोनदा हसला. केतकी नाक ओढतेय, हे त्याला कळलं. मग ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "जेवली का, विचारलंस का तिला?"

ते विचारायचं राहूनच गेलं होतं.